पोर्शे केमन एस (९८७): ऑटोक्रॉसला पुरेपूर, ड्रिफ्टला हात राखून

वापरलेली पोर्शे केमन एस (९८७ पिढीची) घ्यायची आणि तीच ऑटोक्रॉस (शंकूंनी आखलेल्या मार्गावर एकेका गाडीची वेळ मोजणं) अन् ड्रिफ्ट (मागची चाकं मुद्दाम घसरवत वळणं घेणं) या दोन्हींसाठी तयार करायची, हा बेत ठाणे-नवी मुंबईतल्या गाडीवेड्यांच्या गप्पांत वरचेवर निघतो. हा रिव्ह्यू त्या बेताचा आहे: गाडीचा, तिच्यात घालायच्या पार्ट्सचा आणि खाडीकाठच्या दमट हवेत, इथल्या स्पीडब्रेकरांवर ते पार्ट्स कसे वागतात याचा. निकाल आधीच सांगून टाकतो. ऑटोक्रॉससाठी ही गाडी घ्याच. तिला लागणारे बदल थोडे आहेत आणि प्रत्येक बदलाचा फरक हाताला कळतो. ड्रिफ्टसाठी हीच गाडी खर्चिक आहे, नाजूक आहे आणि चूक पोटात घालणारी नाही. दोन्हींचं मूळ एकच, इंजिनाची जागा.

खांद्यावर कावड घेऊन वळून बघा. टोकांना भरलेले हंडे असतील तर कावड वळायला वेळ घेते, आणि वळू लागली की थांबायलाही वेळ घेते. तेच हंडे खांद्याजवळ सरकवले तर ती चटकन वळते, चटकन थांबते. केमनमध्ये आडव्या सहा सिलिंडरचं फ्लॅट-सिक्स इंजिन सीटच्या मागे आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे बसतं. एकूण वजन १३४० किलोच्या आसपास, त्यातलं साधारण ४५ टक्के पुढे आणि ५५ टक्के मागे. शंकूंच्या रांगेतून डावी-उजवी करताना दिशा बदलायला ती जो अवधी घेते, तो पुढे इंजिन असलेल्या गाडीपेक्षा उघड कमी असतो. ऑटोक्रॉसमध्ये वेळ तिथेच वाचतो.

ड्रिफ्टमध्ये हाच गुण उलटतो. शेपूट सुटते तीही चटकन. पुढे इंजिन असलेली गाडी घसरताना हाताला सूचना देते, मग घसरते. केमनमध्ये सूचना आणि घसरणं यांत अंतर फार कमी. त्यात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे सरकतं, मागचे टायर हलके होतात आणि गाडी आणखी फिरते.

कोणत्या सालची

९८७ पिढीत दोन इंजिनं आहेत आणि फरक मोठा आहे. २००६ ते २००८ च्या गाड्यांत एम९७ मालिकेचं ३.४ लिटर, २९५ अश्वशक्ती. २००९ पासून थेट इंधन फवारणारं नवं ३.४ लिटर, ३२० अश्वशक्ती. नव्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्ट (क्रँककडून कॅमशाफ्टकडे गती नेणारा दांडा) नाहीच, त्यामुळे त्याच्या आयएमएस बेअरिंगची, ते फुटून इंजिन जाण्याची, जी भीती या गाड्यांबद्दल सांगितली जाते ती तिथे लागू होत नाही. एम९७ मध्ये बेअरिंग आधीच्या इंजिनांपेक्षा मोठं आहे आणि फेल होण्याचं प्रमाण कमी, पण ते इंजिन न उघडता बाहेर काढता येत नाही. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरेल तेव्हा त्या बेअरिंगचं बाहेरचं सील काढून टाकायला सांगतात, म्हणजे इंजिन ऑइल तिथवर पोहोचतं. काम छोटं आहे, पण ते ठाऊक असलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

बजेट पुरत असेल तर २००९ नंतरचीच शोधा. आणखी एक कारण म्हणजे या गाड्यांना कारखान्यातून लिमिटेड स्लिप डिफरन्शियलचा (एकच चाक रिकामं फिरू न देणाऱ्या डिफचा) पर्याय होता. सर्व्हिस बुकात आणि पुढच्या बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर ऑप्शन कोडची यादी असते. तिथे २२० दिसला तर गाडीत हा डिफ आहे. भारतात मुळात थोड्याच केमन विकल्या गेल्या, त्यात हा कोड असलेली मिळणं नशिबाचा भाग. मिळाली तर किमतीवर घासाघीस करताना हात थोडा सैल सोडा.

२००९ च्या गाडीचीही नोंदणीची १५ वर्षं आता पूर्ण झाली आहेत. आरसी पाच वर्षांसाठी नूतनीकरण झालेली आहे का, हे इंजिन ऐकायच्या आधी बघा.

गाडी लिफ्टवर घेतल्यावर तीन जागा पाहायच्या. पहिली, पुढच्या बंपरमधले दोन्ही बाजूंचे रेडिएटर. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये पाला, माती, प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकून बसतात, पावसाळ्यात तो लगदा ओला राहतो आणि खालच्या कोपऱ्यातून ॲल्युमिनियम सडतं. गाडी रस्त्याकडेच्या झाडाखाली उभी राहत असेल तर हा लगदा असणारच. बंपर उतरवून साफ करायला अर्धा दिवस जातो, पण हे केल्याशिवाय गाडी उन्हात शंकूंवर नेऊ नका. दुसरी जागा म्हणजे लोअर आर्म आणि त्यांना जोडणारे तिरपे दांडे. यांचे बुश (रबरी सांधे) फाटले की स्पीडब्रेकरवर कुरकुर येते. मालक शॉकॲबसॉर्बरला दोष देतो, दोष बुशचा असतो. तिसरी जागा कूलंटची टाकी आणि वॉटर पंपाच्या खालचा भाग. सुकलेल्या कूलंटचे डाग दिसले तर किंमत पुन्हा बोलायला हवी.

टायर आणि हवा

पहिला पैसा टायरवर. १८ इंची चाकांवर मूळ माप पुढे २३५/४० आणि मागे २६५/४० आहे. ऑटोक्रॉससाठी १९ इंचीच्या मागे लागू नका. १८ ला साइडवॉल थोडी जास्त मिळते आणि खड्ड्यात रिम वाकायची भीती कमी.

परदेशात ऑटोक्रॉसवाले २०० ट्रेडवेअरचे (मऊ रबराचे, लवकर झिजणारे) खास टायर वापरतात. इथे ते मिळवणं सोपं नाही, कारण जून २०२० पासून टायरची आयात परवान्याच्या कक्षेत आहे आणि बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) अटही आहे. ‘कुणीतरी आणून देतो’ म्हणून घेतलेला टायर किती जुना आहे हे त्याच्यावरच्या चार आकडी तारखेवरून बघा, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन साल. पाच वर्षं गोदामात पडलेला खास टायर नव्या साध्या स्पोर्ट्स टायरपेक्षा वाईट पकडतो. इथे रीतसर मिळणाऱ्यांत मिशलिन पायलट स्पोर्टची जोडी समाधानकारक आहे, विशेषतः पावसात.

माप बदलताना एक गणित करा. मूळ पुढच्या टायरचा व्यास ६४५ मिमी, मागच्याचा ६६९, म्हणजे मागचा साधारण पावणेचार टक्के मोठा. एबीएस आणि पोर्शेची स्थिरता यंत्रणा पीएसएम चाकांचे वेग एकमेकांशी ताडून बघतात आणि हा फरक त्यांच्या हिशेबात धरलेला असतो. पुढे २४५/४० घातला तर फरक अडीच टक्क्यांवर येतो. गाडी पुढून जास्त चावते आणि सहसा यंत्रणाही कुरकुरत नाही. पण मागे २७५/३५ घातला तर मागचा व्यास ६५० च्या खाली येतो, पुढच्या-मागच्यात फरकच उरत नाही. मग सरळ रस्त्यावरही पीएसएम मध्ये पडू शकतं, आणि मेकॅनिक सेन्सर बदलत बसतो.

हवेचा दाब गरम टायरवर मोजायचा. सुरुवातीला पुढे ३२, मागे ३४ पीएसआय गरम. टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण असतो, तिथे खडूची रेघ ओढा, एक फेरी मारा. खडू त्रिकोणाच्या खालपर्यंत पुसला गेला तर दाब वाढवा, त्रिकोणाला शिवलाच नाही तर कमी करा. एका वेळी एक पीएसआय. एप्रिल-मे महिन्यातल्या डांबरावर तिसऱ्या फेरीपर्यंत दाब ४-५ पीएसआय चढतो, त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर गेज लावायचं. पेट्रोल पंपावरच्या गेजवर विसंबू नका, स्वतःचं एक ठेवा.

अलाइनमेंट: सगळ्यात जास्त फरक इथे

केमनला कारखान्यातून पुढे जवळजवळ कॅम्बर (चाकाचं वरचं टोक आत कललेलं असण्याचा कोन, तो उणे अंशांत मोजतात) नसतो. सामान्य चालकाची गाडी आधी पुढून घसरावी, मागून नको, म्हणून तसं ठेवलेलं असतं. स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲबसॉर्बरचा एकत्र खांब) असल्यामुळे वळणात बॉडी कलली की उरलासुरला कॅम्बरही जातो आणि टायर बाहेरच्या खांद्यावर चालतो. दोन-तीन ऑटोक्रॉसमध्ये पुढच्या टायरचा बाहेरचा काठ संपतो, आतला नवा दिसतो. स्ट्रटचे वरचे माउंट पूर्ण आत ढकलूनही उणे एक अंशाच्या पुढे फारसं जाता येत नाही.

यावरचा खरा उपाय म्हणजे जीटी३ पद्धतीचे दोन तुकड्यांचे लोअर आर्म. पोर्शे ९११ च्या ९९६ आणि ९९७ या पिढ्यांतल्या जीटी३ चे आर्म या गाडीला बसतात, इतर उत्पादकांचेही मिळतात. दोन तुकड्यांमध्ये शिम, म्हणजे ठरावीक जाडीच्या चकत्या घातल्या की चाकाचं खालचं टोक बाहेर सरकतं आणि कॅम्बर वाढतो. स्ट्रटच्या वरच्या टोकाला बसणाऱ्या, सरकवता येणाऱ्या कॅम्बर प्लेटपेक्षा हा मार्ग सरस आहे. प्लेटचं उघडं बेअरिंग इथल्या पावसात आणि धुळीत वर्षभरात खडखडायला लागतं; आर्मला तो त्रास नाही, आणि पुढचा ट्रॅक (दोन चाकांमधलं अंतर) रुंद होतो तो फायदा वेगळा. शिम इथे लेझर कटिंगवर करून घेता येतात. तुर्भे, पावणे, रबाळे पट्ट्यात आणि ठाण्यात वागळे इस्टेटला अशी कामं रोज होतात. स्टेनलेस स्टीलची प्लेट, दोन्ही बाजू समांतर, काठावरचा बर घासून काढलेला. एवढं मायक्रोमीटरने तपासून घ्या. नट मात्र स्थानिक नकोत. मूळ नट स्वतः लॉक होणारे असतात, एकदा उघडले की नवेच लावायचे.

आकडे असे. ऑटोक्रॉससाठी पुढचा कॅम्बर उणे २.२ ते २.८ अंश, मागचा उणे १.८ ते २.२. पुढचा टो (चाकांची पुढची टोकं आत की बाहेर वळलेली) शून्य किंवा दोन्ही चाकं मिळून १ मिमी बाहेर. मागचा टो मिळून २ ते ३ मिमी आत. मशीन अंश-मिनिटांत दाखवतं, तर १८ इंची रिमवर १ मिमी म्हणजे साधारण साडेसात मिनिटं धरा. मागचा टो बाहेर कधीही नको, ‘गाडी जास्त फिरेल’ म्हणून कुणी सुचवलं तरी नको. मध्ये इंजिन असलेल्या गाडीत ते शंकूंवर एखाद वेळ खपेल, पण परतताना सायन-पनवेल मार्गावर पावसात लेन बदलताना अंगाशी येईल.

आता सर्व्हिसबद्दल. ठाणे-वाशीत थ्री-डी अलाइनमेंटची दुकानं पुष्कळ आहेत, पण बहुतेक ठिकाणी पुढचा टो सरळ करून गाडी खाली उतरवतात. केमन घेऊन जाताना आधीच विचारा: मागचे एक्सेंट्रिक बोल्ट (जे फिरवून चाकाचा कोन बदलतो) फिरवाल का, आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद छापून द्याल का, चालकाच्या वजनासह मोजाल का? तिन्हीला हो आलं तरच गाडी रॅम्पवर चढवा. वजनासाठी सीटवर धान्याची पोती ठेवली तरी चालतात; एक ५० किलोचं आणि एक २५ चं, झाले ७५. खाडीच्या खाऱ्या हवेत मागचे एक्सेंट्रिक बोल्ट हमखास जाम झालेले असतात. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, नाहीतर बोल्ट बुशच्या नळीसकट फिरतो आणि मग कापावा लागतो.

क्रम ठरलेला आहे: आधी उंची, मग कॅम्बर, मग टो. शिम घातल्यावर टो हमखास हलतो, म्हणून आधी टो लावून मग कॅम्बर करणारा माणूस काम दोनदा करतोय आणि चूक करतोय.

उंचीबद्दल आग्रहाने सांगतो, १५ मिमीपेक्षा जास्त खाली आणू नका. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या गेटवरचे स्पीडब्रेकर हे एक कारण. दुसरं जास्त महत्त्वाचं: गाडी फार खाली आली की लोअर आर्म वर कलतात, रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) खाली जातं आणि गाडी कमी कलण्याऐवजी जास्त कलते. शिवाय मागचा कॅम्बर आपोआप वाढतो आणि टो लावायला मूळ बोल्टची रेंज पुरत नाही. तेव्हा मागे लांबी बदलता येणारे टो आर्म घ्यावे लागतात, सोबत एक्सेंट्रिकच्या जागी लॉक होणाऱ्या प्लेट. साधे एक्सेंट्रिक ऑटोक्रॉसच्या झटक्यांत घसरतात. दिवसअखेर स्टिअरिंग वाकडं झालं तर आधी तिथे पाहा.

बिलस्टीन बी१६ हा या गाडीसाठी समतोल कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकचा एकत्र संच) आहे. उंची बदलते, डॅम्पिंगचे दहा टप्पे आहेत, रोज चालवण्याजोगा आहे. उणीव अशी की एकाच नॉबने दाब आणि उसळी दोन्ही एकत्र बदलतात, वेगवेगळं काही करता येत नाही. ऑटोक्रॉसच्या दिवशी कडक, घरी येताना मऊ, एवढा वापर केला तरी पैसे वसूल. मडगार्डच्या आत चिखल साचतो तो पावसाळ्यानंतर धुऊन आटे ग्रीस करा, नाहीतर पुढच्या वर्षी उंचीची रिंग हलणार नाही.

कॉर्नर बॅलन्स (चारही चाकांवरचं वजन मोजून जुळवणं) करणारी ठिकाणं मोजकीच आहेत, पण कॉइलओव्हर घातले असतील तर ते टाळू नका. टायरचा दाब लावलेला, टाकी अर्धी, उजव्या सीटवर वजन, अँटी-रोल बारच्या (गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांड्याच्या) लिंक सोडलेल्या. एका कोपऱ्याची रिंग वर केली की त्या कोपऱ्यावर आणि त्याच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यावर वजन वाढतं. तिरप्या दोन कोपऱ्यांची बेरीज एकूण वजनाच्या ५० टक्क्यांच्या अर्धा टक्का इकडेतिकडे आणायची. टाकी अर्धी का, तर केमनची टाकी पुढे असते आणि ती ६४ लिटरची आहे. भरलेली आणि रिकामी यांत पुढच्या टोकावर साधारण ४७ किलोंचा फरक पडतो. गाडी सकाळी छान वळत होती आणि दुपारी पुढून घसरायला लागली तर सेटिंगला हात लावायच्या आधी पेट्रोलचा काटा बघा.

ब्रेक

मूळ ब्रेक चांगले आहेत: पुढे ३१८ मिमी, मागे २९९ मिमी डिस्क, चारही ठिकाणी चार पिस्टनचे कॅलिपर. ऑटोक्रॉसला मोठी किट लागत नाही. पॅड मात्र थंड असताना चावणारे हवेत. सर्किटचे एन्ड्युरन्स पॅड तापल्याशिवाय पकडत नाहीत आणि ऑटोक्रॉसची फेरी ते तापायच्या आत संपते. फेरोडो डीएस२५०० सारखा मधला पॅड योग्य. ब्रेक फ्लुइड मोतुल आरबीएफ ६००. कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू ३१२ अंश, तर डॉट ४ च्या मानकाची किमान अट २३० आहे. फ्लुइड हवेतली ओल शोषतं आणि इथे ओल बारा महिने आहे, म्हणून वर्षातून दोनदा बदला. त्यातलं एक गणपतीनंतर, पाऊस ओसरला की.

बंद केलेलं पीएसएम पूर्ण बंद नसतं. बटण दाबलं तरी एबीएस लागेल इतका जोरात ब्रेक दाबला की ते परत जागं होतं. ऑटोक्रॉसमध्ये त्याचा त्रास नाही. ड्रिफ्टमध्ये आहे, ते पुढे येतंच.

ऑइल आणि स्टिअरिंग

एम९७ इंजिनात ऑइल खालच्या उथळ संपमध्ये (ऑइलच्या भांड्यात) असतं आणि दोन्ही सिलिंडर हेडमधून परतीचे पंप ते खाली आणतात. लांब, एकाच दिशेच्या वळणात ऑइल बाजूला ढकललं जातं आणि पिकअपला (ऑइल ओढणाऱ्या नळीला) ऑइलऐवजी हवा मिळते. ऑटोक्रॉसची वळणं दोन-तीन सेकंदांची, त्यामुळे धोका कमी. गोल गोल डोनट मारणं हा मात्र या इंजिनासाठी सगळ्यात वाईट व्यायाम आहे, कारण बाजूचा रेटा थांबतच नाही. साधारण दोन लिटर ऑइल जास्त मावेल असा खोल संप आणि आतले अडसर ही पहिली सोय. दुसरी, ऑइल प्रेशर गेज. ९८७ मध्ये कारखान्याचं गेज नाही आणि लाल दिवा लागेपर्यंत नुकसान झालेलं असतं. ढोबळ हिशेब असा की गरम इंजिनाला दर १००० आरपीएममागे १० पीएसआय हवेत.

वरची पातळी ओलांडू नका. ऑइल जास्त भरलं तर सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे. जास्तीचं ऑइल एअर-ऑइल सेपरेटरमधून (इंजिनातल्या वाफेतून ऑइल वेगळं करणाऱ्या भागातून) इनटेकमध्ये ओढलं जातं आणि वळणातून बाहेर पडताना मागे पांढऱ्या धुराचा लोट निघतो. सेपरेटरचा आतला पडदा फाटला तरी असाच धूर येतो. ऑटोक्रॉसच्या गाडीला मोटरस्पोर्टसाठीचा मोठा सेपरेटर घाला. इंजिन मधोमध दडलेलं असल्यामुळे पार्टच्या बरोबरीने मजुरीचाही हिशेब आधी विचारा.

९८७ चं पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे. शंकूंच्या रांगेत सतत डावं-उजवं केल्याने त्याचं तेल तापतं, फेस येतो, कधी टाकीबाहेर उसळतं. त्यात पेंटोसिन सीएचएफ ११एस हे हिरवं तेल लागतं. अनेक गॅरेजांत हाताशी असलेलं लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) ओततात, त्याने सील खराब होतात. टॉप-अप समोर उभं राहून करून घ्या आणि रंग बघा.

डिफरन्शियल आणि ड्रिफ्ट

ऑटोक्रॉससाठी ओपन, म्हणजे साध्या डिफवरही गाडी चालते, कारण मागे वजन आहे. घट्ट वळणातून बाहेर पडताना आतलं चाक रिकामं फिरतं एवढंच. दुसरा गिअर शंभरच्या पुढे जातो, म्हणजे जवळजवळ सगळी फेरी दुसऱ्यातच निघते आणि हळू वळणात इंजिन खालच्या आरपीएमला येतं. तिथे हा तोटा थोडा जाणवतो. हेलिकल (फक्त गिअरांवर चालणाऱ्या) पद्धतीचा क्वाइफ किंवा वेव्हट्रॅक डिफ घातला तर फरक कळतो, देखभाल काही नाही.

ड्रिफ्टला मात्र क्लच-प्लेटवालाच डिफ लागतो. आतलं चाक उचललं गेलं की साधा हेलिकल डिफ ओपनसारखा वागायला लागतो. प्लेटवाला पार्किंगमध्ये फूल लॉक करून वळताना टकटक करतो, तो दोष नाही. एक पथ्य आहे: या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफचं ऑइल एकच असतं. प्लेटना मानवणारं ऑइल सिंक्रोनायझरलाही मानवायला हवं, म्हणून डिफ बनवणाऱ्याने सांगितलेलंच वापरा आणि लवकर बदला. प्लेटची झीज त्याच ऑइलमधून गिअरांत फिरते.

पुढच्या अडचणी डिफने सुटत नाहीत. ९८७ ला हँडब्रेकची दांडी आहे, पण ती मागच्या डिस्कच्या आतल्या छोट्या ड्रमवरचे शू दाबते, जे उभ्या गाडीसाठी आहेत. चार-पाच वेळा वेगात ओढली की शू चकाकतात आणि मग सोसायटीच्या उतारावरही गाडी धरत नाही. हायड्रॉलिक हँडब्रेकसाठी मागे दुसरा कॅलिपर बसवावा लागतो. ९८१, म्हणजे पुढची पिढी घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, तिला पार्किंग ब्रेक इलेक्ट्रिक आहे, म्हणजे हा मार्ग मुळातच बंद. डाव्या पायाने ब्रेक दाबून शेपूट सोडायची म्हटलं तर एबीएस लागताच पीएसएम मध्ये येतं. क्लच किक मारली (क्लच झटक्यात दाबून सोडला) तर ड्युअल मास फ्लायव्हीलवर झटका जातो, आणि ते बदलायला पुन्हा गिअरबॉक्स खाली. स्टिअरिंगचा लॉक मूळचाच राहतो. ड्रिफ्टच्या गाड्यांना मिळतात तशी चाकं जास्त वळू देणारी तयार अँगल किट केमनसाठी सहज मिळत नाही. गाडी लॉकच्या पलीकडे फिरली की फक्त गोल फिरणं उरतं.

तरीही शिकायचं असेल तर पावसाळ्यात, परवानगी घेतलेल्या, मोकळ्या, सपाट, ओल्या फरशीवर शिका. ओल्यावर पकड कमी म्हणून बाजूचा रेटा कमी, म्हणजे ऑइलचा धोका कमी, क्लचवर ताण कमी, टायरही वाचतात. मागची अँटी-रोल बार मऊ बाजूला, मागचा कॅम्बर उणे १ च्या आसपास, टो थोडा आतच. दहा सेकंदांपेक्षा लांब गोल नको आणि दोन्ही दिशांना आलटून पालटून. शेपूट सुटली की ॲक्सिलरेटर पूर्ण सोडायचा नाही. थोडा धरून ठेवायचा, नजर जायचं तिकडे. ड्रिफ्ट हेच मुख्य वेड असेल तर त्यासाठी पुढे इंजिन आणि मागे ड्राइव्ह असलेली जुनी बीएमडब्ल्यू ३ सीरिज वेगळी ठेवा; केमनच्या फक्त ड्रिफ्टच्या पार्ट्सचा खर्च बघता हा सल्ला वाटतो तितका उधळा नाही.

मैदान, कायदा, विमा

नाव नोंदवायच्या आधी पृष्ठभाग विचारा. आपल्याकडे ऑटोक्रॉस पुष्कळदा मुरमाच्या मैदानावर होतो. त्यावर ही गाडी नेऊ नका. खडे रेडिएटरवर जातात, बाजूच्या जाळीतून धूळ एअर फिल्टरमध्ये, आणि वर सांगितलेल्या अलाइनमेंटचा तिथे उपयोग नाही. डांबर किंवा काँक्रीट असेल तरच.

पाम बीच मार्गावर रात्री ‘सेटिंग बघायला’ जाणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ (धोकादायक चालवणं) आणि १८९ (रस्त्यावरची शर्यत) चा विषय आहे, आणि त्या रस्त्यावर सिग्नलला माणसं रस्ता ओलांडत असतात. बदलांसाठी कलम ५२ आहे. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे कलम १८२ए(४) खाली मालकाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. सस्पेन्शनचे मूळ पार्ट विकू नका, डबे लावून माळ्यावर ठेवा. नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणीचं नुकसान वगळलेलं असतं, तेव्हा शंकूंवर झालेला खर्च आपला.

चाकं लावताना ९८७ ला १३० न्यूटन-मीटर, ९८१ ला १६०. स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) घातला असेल तर जेवढी स्पेसरची जाडी तेवढे लांब बोल्ट, आणि हाताने फिरवताना किमान ९-१० आटे आत गेले पाहिजेत. हवेच्या गनने घट्ट केलेलं चालणार नाही, टॉर्क पानाच हवा. फेऱ्यांच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चाकं गार झाली की एकदा, आणि घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा पाना लावून बघा.